दोन स्पीकरांमधली हवा : एचएक्स स्टॉम्पवर जेसी-१२०चा क्लीन टोन

रोलँडचा जेसी-१२० हा गिटारचा ॲम्प्लिफायर विकत घ्यायचा बेत मी आजवर तीनदा आखला आणि तिन्ही वेळा आमच्या इमारतीच्या जिन्याने तो हाणून पाडला. ॲम्पचे वजन २८ किलो, मी राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टचा विषय सोसायटीच्या सभेत दरवर्षी निघून दरवर्षी पुढे ढकलला जातो. त्यामुळे पुण्यातल्या तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूममध्ये ज्या आवाजाची मला सवय लागली होती, तो आवाज घरी आणण्याचा मार्ग म्हणून मी लाइन ६ कंपनीचे एचएक्स स्टॉम्प हे ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे यंत्र घेतले. हे परीक्षण त्या यंत्राच्या सर्व गुणांचे नाही, कारण त्यातले शेकडो इफेक्ट मी उघडूनही पाहिलेले नाहीत. जेसी-१२०चा क्लीन टोन, म्हणजे न फाटणारा स्वच्छ आवाज, या यंत्रातून मिळतो का, आणि मिळत असेल तर कोणत्या अटींवर, एवढ्याच प्रश्नाचा मी दीड वर्ष पाठपुरावा केला आणि त्याचेच उत्तर येथे देत आहे.

ज्यांनी हा ॲम्प ऐकला आहे पण आतून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती आवश्यक आहे. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाकात रोलँडची स्थापना केली आणि १९७५ साली जेसी-१२० बाजारात आला. गिटारचा चांगला आवाज म्हणजे व्हॉल्व्हचाच (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पचाच), अशी समजूत पक्की असण्याच्या त्या काळात हा ॲम्प पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा होता. त्यात ६० वॅटचे दोन स्वतंत्र पॉवर ॲम्प आहेत आणि प्रत्येक जण आपापला १२ इंची स्पीकर चालवतो. व्हॉल्व्ह ॲम्पचा आवाज वाढवत नेला की तो हळूहळू फाटू लागतो आणि त्या फाटण्यातच अनेकांना गोडवा सापडतो. जेसी मात्र ड्रमरला ऐकू जाईल इतका मोठा केला तरी तार छेडल्याचा टोकदार, थंड, काचेसारखा आवाज जसाच्या तसा ठेवतो. ‘द पोलीस’चे अँडी समर्स आणि ‘द क्युअर’चे रॉबर्ट स्मिथ यांनी तो वापरला, ‘मेटालिका’ने आपल्या क्लीन भागांसाठी वापरला, आणि ब्लूजचे ज्येष्ठ वादक अल्बर्ट किंग यांच्यामागेही तो दिसे. इतक्या भिन्न प्रकृतीच्या माणसांना एकच खोके चालले, याचे कारण ते खोके स्वतःचे मत फारसे मांडत नाही, हे असावे. त्याच्या डिस्टॉर्शनच्या नॉबबद्दल मात्र मौनच बरे; तो नॉब शून्यावरून हलवणारा माणूस मी जॅम रूममध्ये दुसऱ्यांदा तो हलवताना पाहिलेला नाही.

या ॲम्पचा खरा आत्मा त्याच्या कोरसमध्ये आहे, आणि माझ्या दीड वर्षांपैकी बहुतेक काळ त्याच्यामागेच गेला. बहुतेक कोरस पेडल मूळ आवाज आणि किंचित उशिरा येणारा, सुरात वरखाली झुलणारा आवाज पेडलच्या आतच एकत्र करून एका वायरीतून बाहेर पाठवतात. जेसीमध्ये एका स्पीकरला कोरा आवाज जातो आणि दुसऱ्याला फक्त झुलणारा. दोन्ही आवाज तारेत कोठेच भेटत नाहीत. त्यांची भेट ॲम्पच्या पुढ्यातल्या हवेत होते. दोन तानपुऱ्यांच्या मधे बसून गाणाऱ्याला हा अनुभव समजावून सांगावा लागणार नाही. दोन्ही तानपुरे एकाच सुरात मिळवलेले असले तरी ते तंतोतंत एक कधीच होत नाहीत, आणि त्या केसभर फरकातून जी लहर उठते ती कोणत्याही एका तानपुऱ्यात नसते, दोहोंच्या मधल्या जागेत असते. डोके थोडे डावीकडे नेले तर ती वेगळी ऐकू येते. जेसीचा कोरसही असाच आहे, खोलीत कोठे उभे राहावे यावर तो बदलतो. याच मंडलावर (सर्किटवर) आधारलेले सीई-१ हे पेडल १९७६ साली आले आणि तेव्हापासून कोरस हा शब्द गिटारवाल्यांच्या तोंडी बसला. आणखी एक बारकावा असा की, ॲम्पवरचा स्विच कोरसच्या बाजूला असताना झुलण्याचा वेग आणि खोली (डेप्थ) ठरवणारे नॉब कामच करत नाहीत. ते फक्त व्हायब्रॅटोसाठी, म्हणजे कोऱ्या आवाजाशिवाय नुसता सूर झुलवण्यासाठी आहेत. कारखान्याने ठरवलेला एकच कोरस मिळतो, आणि तो इतका नेमका ठरवलेला आहे की तक्रार करावीशी वाटत नाही.

आता यंत्राकडे वळतो. एचएक्स स्टॉम्प २०१८ साली आले. तीन फूटस्विच, एक छोटा रंगीत पडदा आणि तळहाताएवढ्या खोक्यात लाइन ६च्या हेलिक्स या मोठ्या यंत्राचीच मॉडेल, म्हणजे ॲम्प आणि इफेक्टच्या डिजिटल नकला, असे त्याचे स्वरूप आहे. सुरुवातीला एका प्रीसेटमध्ये (जतन केलेल्या एका मांडणीत) सहाच ब्लॉक, म्हणजे ॲम्प किंवा इफेक्टचे घटक, लावता येत, फर्मवेअरच्या (यंत्रातल्या सॉफ्टवेअरच्या) ३.० आवृत्तीपासून आठ लावता येतात, आणि आपल्या कामासाठी हा फरक निर्णायक आहे, हे पुढे दिसेल. जेसी-१२०वर बेतलेल्या मॉडेलचे नाव त्यात ‘जॅझ रिव्हेट १२०’ असे आहे. व्यापारी नावांच्या हक्कांमुळे अशी टोपणनावे द्यावी लागतात, हे ठाऊक असूनही हे नाव वाचताना मला दर वेळी एखाद्या हार्डवेअरच्या दुकानाची आठवण होते.

पहिला टप्पा म्हणून मी कोरस पूर्ण बंद ठेवून तुलना केली. जॅम रूममधल्या जेसीच्या एका स्पीकरसमोर एसएम५७ हा मायक्रोफोन ठेवून स्ट्रॅटोकास्टर गिटारवर काही साधे कॉर्ड आणि एकेका सुराच्या ओळी ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्याच वेळी गिटारचा कोरा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घेतला. घरी तो कोरा सिग्नल यूएसबीतून एचएक्स स्टॉम्पमध्ये पाठवून मॉडेलचा आवाज काढला. यामुळे वादन दोन्हीकडे एकच राहिले आणि हाताच्या फरकाचा दोष मॉडेलवर गेला नाही. दोन्ही ट्रॅकची पातळी काळजीपूर्वक सारखी केली, कारण जो आवाज जरासा मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो. घरगुती तुलनांपैकी बऱ्याचशा याच एका चुकीमुळे निरर्थक ठरतात.

निकाल मला अपेक्षित होता त्याहून चांगला लागला. ॲम्प कोणता आणि मॉडेल कोणते हे न सांगता मी ते ट्रॅक आमच्या बासवादकाला ऐकवले, तेव्हा त्याचे अंदाज नाणेफेकीहून फारसे बरे ठरले नाहीत. याचे फार आश्चर्य वाटू नये. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये पॉवर सप्लायचे दबणे, व्हॉल्व्हचे हळूहळू तापत जाणे, ट्रान्सफॉर्मरचे भरून येणे अशा एकमेकांत गुंतलेल्या गोष्टी मॉडेल कराव्या लागतात. जेसीचे मंडल क्लीन मर्यादेत बरेचसे सरळ वागते आणि सरळ वागणाऱ्या गोष्टीचे गणित सोपे असते. टोनचे नॉबही ओळखीचे वागतात. ट्रेबल, मिडल आणि बेस तिन्ही मध्यावर ठेवले की मधला पट्टा खोलगट होतो, त्यामुळे जॅम रूममध्ये मिडल सात-आठपर्यंत चढवण्याची माझी जी सवय होती तीच येथेही उपयोगी पडली.

अडचण ॲम्पच्या मॉडेलमध्ये नसून मायक्रोफोनमध्ये आहे, हे ध्यानात यायला मला दोन महिने लागले. ट्रॅक जुळत होते, पण वाजवताना मात्र यंत्राचा आवाज सुईसारखा टोचत होता. याचे कारण असे की जॅम रूममध्ये ॲम्प जमिनीवर असतो आणि आपले कान त्याच्या बरेच वर. १२ इंची स्पीकरमधून निघणारे उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे, म्हणजे आपल्या पोटऱ्यांकडे जातात. कानापर्यंत येतो तो बाजूने निसटलेला, थोडा मऊ झालेला आवाज. एचएक्स स्टॉम्पमधला कॅबिनेटचा (स्पीकरच्या खोक्याचा) ब्लॉक मात्र स्पीकरच्या जाळीला नाक लावून बसलेल्या मायक्रोफोनला जे ऐकू येते ते आपल्याला ऐकवतो. दोन्ही आवाज खरेच आहेत, पण जागा वेगळ्या आहेत. फर्मवेअर ३.५० पासून कॅबिनेटच्या ब्लॉकमध्ये मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यापासून बाजूला सरकवता येतो, मागे नेता येतो आणि ४५ अंशांत तिरपाही करता येतो. मी ५७ ऐवजी १२१ हा रिबन मायक्रोफोन निवडला, तो मध्यापासून बराच बाहेर नेला, थोडा मागे घेतला, आणि हाय कट साधारण ८ किलोहर्ट्झवर व लो कट ८० हर्ट्झवर लावला, म्हणजे त्यांच्या वरचे आणि खालचे स्वर गाळले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा डोळे मिटून वाजवताना जॅम रूममधल्या गालिच्याचा कुबट वास आला म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

मग कोरस. येथे मी आधी जी चूक केली ती बहुतेक जण करतात, म्हणून सांगतो. ॲम्पनंतर एक तयार स्टीरिओ कोरस लावला आणि वेग-खोली जुळवत बसलो. आवाज सुंदर आला, पण तो जेसीचा नव्हता, कारण तेथे कोरा आवाज आणि झुलणारा आवाज आधीच मिसळलेले होते. योग्य मांडणी करायची तर ॲम्पच आतून कसा जोडला आहे त्याची नक्कल करावी लागते. ॲम्पच्या ब्लॉकनंतर सिग्नलचा मार्ग दुभंगावा. वरच्या मार्गावर फक्त कॅबिनेट ठेवावे, खालच्या मार्गावर आधी व्हायब्रॅटो आणि मग तसेच कॅबिनेट ठेवावे. आणि दोन्ही मार्ग पुन्हा मिळतात तेथील मिक्सरमध्ये एक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे पाठवावा. व्हायब्रॅटोसाठी मी ‘बबल व्हायब्रॅटो’ हे मॉडेल घेतले, जे बॉसच्या व्हीबी-२ या पेडलवर बेतलेले आहे. बॉस म्हणजे रोलँडचेच घर, त्यामुळे नाते जुळले. वेग मंद ठेवला आणि खोली इतकी कमी की नुसती उजवी बाजू ऐकली तर सूर डळमळतो आहे हे जेमतेम कळावे. ॲम्प, व्हायब्रॅटो, दोन कॅबिनेट आणि शेवटी स्प्रिंग रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) असे पाच ब्लॉक यात खर्ची पडतात. सहाच ब्लॉकांच्या काळात या प्रीसेटमध्ये दुसरे काही ठेवायला एकच जागा उरली असती. आता तीन उरतात. रिव्हर्ब मात्र स्टीरिओ प्रकारचाच निवडावा. मार्ग मिळाल्यानंतर एखादा मोनो ब्लॉक लागला की तो दोन्ही बाजू एकत्र करून टाकतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते, तीही कोणतीही सूचना न देता.

एवढे करून हेडफोन लावले आणि निराश झालो. डाव्या कानात कोरी गिटार, उजव्या कानात थोडी बेसूर गिटार, आणि मधे काहीच नाही. कारण साधे होते, पण ते उमजायला वेळ लागला. खोलीत डावा स्पीकर दोन्ही कानांना ऐकू येतो आणि उजवाही दोन्ही कानांना. लहर उठते ती या सरमिसळीतून. हेडफोन ही सरमिसळ होऊच देत नाहीत. मधली हवाच काढून घेतली तर तानपुरे दोन असून उपयोग काय? शिवाय झुलणारा आवाज काही मिलिसेकंद उशिरा येतो, आणि आपला मेंदू आधी आलेल्या आवाजाची बाजू धरतो, त्यामुळे सगळी गिटार डाव्या कानाकडे झुकल्यासारखी वाटत होती. हेडफोनसाठी मी वेगळा प्रीसेट केला: दोन्ही बाजूंचे पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे सारण्याचे प्रमाण) शंभरवरून चाळिसाच्या आसपास आत आणले, आणि झुलणाऱ्या बाजूची पातळी दीड-दोन डेसिबलने वाढवली. आता तो रात्री साडेअकराला वाजवण्याजोगा आहे. शेजाऱ्यांची झोप शाबूत राहून एवढे मिळते, हेही कमी नाही.

स्टुडिओ मॉनिटरवर गोष्ट उलट्या बाजूने बिघडली. माझे पाच इंची मॉनिटर टेबलाच्या दोन टोकांना, एकमेकांपासून जवळजवळ दीड मीटरवर होते आणि कोरस अवाढव्य, सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखा पसरत होता. जेसी-१२०ची संपूर्ण रुंदी ७६ सेंटिमीटर आहे; म्हणजे त्याच्या दोन स्पीकरांच्या मध्यांत त्याच्या साधारण निम्मेच अंतर असणार. एका रविवारी मी दोन्ही मॉनिटर उचलून एकमेकांना जवळजवळ चिकटून, स्टुलांवर थोडे मागे कललेले ठेवले आणि दोन मीटर दूर उभा राहून वाजवले. प्रीसेटमध्ये एकही आकडा बदलला नव्हता. दीड वर्षात मी जेसीच्या जितका जवळ पोहोचलो तितका त्या क्षणी, आणि तो बदल मला कोणत्याही मेनूत सापडला नसता. १२ इंची स्पीकर जितकी हवा ढकलतो तितकी पाच इंची ढकलू शकत नाही, त्यामुळे खालच्या तारांचा तो छातीत जाणवणारा भाग अजूनही कमी पडतो. पण लहर तीच होती, आणि डोके हलवले की बदलतही होती.

आवाजाच्या पातळीचा मुद्दाही येथेच सांगतो, कारण त्याचा फटका मला एका कार्यक्रमात बसला. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. घरी हळू आवाजात जुळवलेल्या प्रीसेटमध्ये आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवतो, आणि तोच प्रीसेट मंचावर मोठ्याने लागला की खाली घुमतो आणि वर ओरडतो. दोष यंत्राचा नव्हता, माझाच होता. तेव्हापासून मंचासाठीचा प्रीसेट मी जॅम रूममध्येच, ड्रम चालू असताना जुळवतो.

मंचावरची दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. आपल्याकडे बहुतेक छोट्या कार्यक्रमांत साउंडवाला गिटारसाठी एकच केबल देतो आणि सभागृहाची व्यवस्था मोनो असते. एचएक्स स्टॉम्पच्या फक्त डाव्या आउटपुटला केबल लावली की यंत्र दोन्ही बाजू आपोआप एकत्र करून पाठवते. म्हणजे हवेत व्हायचे मिश्रण पुन्हा तारेतच होते, आणि ऐकू येतो तो एक साधा, बरा कोरस. त्याला वाईट म्हणता येणार नाही. पण त्यासाठी पाच ब्लॉकांची कसरत करण्याची गरज नव्हती, तयार कोरसचा एक ब्लॉक पुरला असता. दोन केबल मिळतील अशी खात्री असेल तरच वरची मांडणी मंचावर न्यावी.

यंत्राच्या इतर बाबी थोडक्यात. तीन फूटस्विच क्लीन टोनपुरते पुरतात, पण गाण्यात चार-पाच आवाज बदलणाऱ्याला बाहेरचा स्विच जोडावा लागेल. यंत्राला ९ व्होल्टला ३ अँपियर इतका पुरवठा लागतो, आणि पेडलबोर्डवरच्या नेहमीच्या पॉवर सप्लायचे एक आउटलेट तेवढा देत नाही. मूळ ॲडॉप्टर एकदा घरी विसरल्यावर मी एका दुकानातून ‘चालेल साहेब’ या आश्वासनावर दुसरा घेतला. त्यावर ३ अँपियर छापलेले होते, पण यंत्र सुरू होऊन बंद पडत राहिले. तेव्हापासून मूळ ॲडॉप्टर गिटारच्या पिशवीतून बाहेर निघत नाही. यूएसबीतून थेट ध्वनिमुद्रण करता येते, हा मात्र रोजच्या वापरातला मोठा फायदा ठरला.

पर्यायांचा विचार करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बॉसच्या जीटी-१ या स्वस्त यंत्रात जेसी-१२०चे मॉडेल त्याच्या खऱ्या नावानिशी आहे, आणि कोरस बंद ठेवून फक्त तो कोरडा काचेसारखा टोन हवा असेल तर तेथून सुरुवात करायला हरकत नाही. दुसरी गोष्ट, हल्ली ॲम्पची हुबेहूब नक्कल पकडणाऱ्या यंत्रांचा बोलबाला आहे, पण ती यंत्रे ॲम्प एखाद्या क्षणी आवाजाला कसा आकार देतो ते टिपतात. काळानुसार झुलणारा उशीर त्यांच्या पकडीत येत नाही. म्हणजे तेथेही कोरस वेगळा उभारावाच लागणार. आणि ज्यांच्याकडे जिना आड येत नाही, पण जागा आणि पैसे बेताचे आहेत, त्यांनी रोलँडचाच जेसी-४० पाहावा; त्यात १० इंची दोन स्पीकर आहेत आणि हवेत मिसळणारा तोच कोरस आहे.

जॅम रूममध्ये जेसी-१२० मोकळा असेल तर मी अजूनही गिटार सरळ त्यातच लावतो. मिडल सातवर, ब्राइटचा स्विच बंद, डिस्टॉर्शन शून्यावर, कोरस चालू. एचएक्स स्टॉम्प त्या वेळी ॲम्पच्या डोक्यावर नुसते ट्यूनर म्हणून बसलेले असते, आणि घरी आल्यावर पुन्हा स्टुलांवरच्या त्या दोन मॉनिटरसमोर उभे राहून त्या दिवशी कानात राहिलेल्या लहरीशी माझा प्रीसेट ताडून पाहतो. गेल्या खेपेला व्हायब्रॅटोचा वेग किंचित कमी करावा लागला.